एक दिवसाआडची गोळी

मी लवकर वैतागते, म्हणूनच बहुतेक हे किस्से माझ्याकडे जमतात. पार्सिपनीच्या लायब्ररीत आमचं एक टेबल असतं, पंधरा ऑक्टोबर ते सात डिसेंबर, दर शनिवारी. मेडिकेअर, म्हणजे इथे अमेरिकेतला पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा, त्यातला औषधांचा प्लॅन बदलायला एवढेच दिवस मिळतात. मी आणि शिरीष, दोघंही आयटीवाले, रीतसर ट्रेनिंग घेऊन आपल्या मराठी म्हाताऱ्यांना प्लॅन निवडून द्यायला तिथे फुकटात बसतो. सात तारीख जवळ आली की माझा जीव खालीवर होतो. काका-काकू मात्र थर्मासमधून चहा घेऊन निवांत येतात!

*

कुलकर्णी काकूंना बजावून सांगितलं होतं, "औषधांची लिस्ट आणा. नाव, डोस, सगळं."

काकू श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन आल्या. आत सुट्ट्या गोळ्या!

"काकू, बाटल्या कुठायत?"

"टाकल्या. पसारा नुसता! मला पाठ आहे सगळं. ही पांढरी सकाळची, ही पांढरी संध्याकाळची."

"दोन्ही सारख्याच दिसतायत. ओळखता कशा?"

"सोप्पंय. सकाळची डावीकडे असते."

मी नीट बघायला म्हणून डबा उचलला.

"अगं, तिरका नको करूस!" काकू किंचाळल्या. तोवर झाला होता.

मग फार्मसीला फोन करून एकेका गोळीची ओळखपरेड. अख्खी सकाळ गेली.

*

पेंडसे काकांनी गेल्या वर्षी प्लॅन स्वतःच घेतला होता. ओक ट्री रोडवर मिठाईच्या दुकानाबाहेर एक एजंट भेटला, तिथेच सही!

"काका, तुमच्या डायबेटिसच्या गोळीचं यात नावच नाही!"

"पण जिम फ्री आहे."

"एक्याऐंशीव्या वर्षी जिम?"

"फ्री आहे ना पण!"

"गेलात किती वेळा?"

"एकदा. पार्किंग बघून आलो. भरपूर आहे."

*

याच काकांसाठी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पाऊण तास तीच टुंगटुंग ऐकली. शेवटी एक मुलगी आली. म्हणे, मेंबरनेच बोलायला हवं, आधी जन्मतारीख सांगा.

काकांनी फोनवर हात ठेवला. "खरी सांगू का शाळेतली?"

"कार्डावरची सांगा हो!"

काका फोनमध्ये म्हणाले, "मॅडम, आय हॅव टू." आणि वडिलांनी त्यांना शाळेत लवकर घालायला हेडमास्तरांना कसं पटवलं, ते तिला इंग्लिशमध्ये समजावायला लागले. हेडमास्तरांच्या मुलीच्या लग्नापर्यंत पोचले आणि फोन कट.

मी डोकं टेबलावर टेकलं. पुन्हा पाऊण तास!

*

शिरीष माझ्यासारखा नाही, फार शांत. डिडक्टिबल म्हणजे काय, हे त्याने कुलकर्णी काकूंना तीनदा सांगितलं. "काकू, काही प्लॅनमध्ये जानेवारीपासून एका ठरावीक रकमेपर्यंतचा औषधाचा खर्च आधी आपण करायचा. मग कंपनी हातभार लावते."

"कळलं रे," काकू म्हणाल्या. "म्हणजे मी फेब्रुवारीत आजारी पडते!"

*

आता सबनीस काका.

डिसेंबरचा पहिला शनिवार. काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. लिस्ट टाइप केलेली. मी म्हटलं, चला, एक तरी शहाणा माणूस भेटला! त्यात हृदयाची एक महागडी गोळी होती. बीपी उतरवणारी.

"शेवटची कधी आणलीत?"

"जूनमध्ये."

"तीन महिन्यांची?"

काका छताकडे बघायला लागले.

"काका, डिसेंबर चालूय!"

"एक दिवसाआड घेतो. परवडत नाही ना गं रोज," ते हळूच म्हणाले. "मुलाला कळवू नकोस. इतक्या लांब सनीव्हेलहून उगाच धावत येईल."

मला रडूच आलं. आम्ही दोघांनी धडाधड प्लॅन शोधला. त्यात ती गोळी निम्म्याहून स्वस्त. तिथल्या तिथे फॉर्म भरला. काकांनी दोघांना वाटीभर चिवडा दिला. मी हवेत!

जानेवारीत काकांचा फोन. "अगं, काय प्लॅन शोधलास! गोळी रोज घेतो. अशी लागू पडलीय, खुर्चीतून उठलं की सगळी खोली फिरते!"

"काका, डॉक्टरांना सांगितलं होतंत ना, एक दिवसाआड घेत होतो म्हणून?"

"छे! बीपी उतरेना, म्हणून ते विचारायचे, रोज घेता ना? मी म्हणायचो, हो. मग त्यांनी डोस वाढवला. मी म्हटलं, वाढवा."

"अहो काका! अर्धंच औषध पोटात जात होतं, बीपी उतरेना, म्हणून वाढवला ना त्यांनी! आता तो वाढीव डोस रोज जातोय! आत्ताच्या आत्ता फोन करा त्यांना!"

"आणि सांगू काय? इतका भला माणूस. दोन वर्षं खोटं बोललो म्हणून त्यांना काय वाटेल?"

"काका, पडाल हो कुठेतरी!"

"बघू, सोमवारी सांगतो काहीतरी."

तेवढ्यात मागून सबनीस काकूंचा आवाज आला, "आणा तो फोन इकडे." काकूंनी मला लाइनवर ठेवूनच दुसरा नंबर जोडला. तिकडून दवाखान्यातली नर्स बोलली. काकूंनी काकांचं नाव, जन्मतारीख खणखणीत सांगितली, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या,

"सिस्टर, माय हजबंड इज अ लायर. किंडली रिड्यूस हिज टॅब्लेट."