दस्त्यावरचं कुंकू

इथे आखातात, सलमाबादच्या आमच्या सुतारी वर्कशॉपमध्ये जनाबिया भागातल्या एका व्हिलावाल्याने चकमकीची बंदूक आणली. नवीकोरी नक्कल, पण दिवाणखान्यात लावल्यावर ती शे-दोनशे वर्षांची दिसायला हवी होती. मी दस्त्याचं चकचकीत पॉलिश खरवडलं, नळीवरचा कंपनीचा शिक्का घासला, लोखंड व्हिनेगरने काळवंडवलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आम्ही कोकणातली माणसं त्या दिवशी हत्यारं पुजतो. रंधा, पटाशी, मशीनची करवत, सगळ्यांना कुंकू लावलं. बंदूकही हत्यारच, म्हणून तिच्या उघड्या लाकडालाही ओलं बोट लावलं. कुंकू आत मुरलं. घासून घासून हात दुखले, निघेना. फोरमन अंगावर धावून आला.

गिऱ्हाईक मात्र डाग बघून खूश. म्हणाला, "अगदी रक्तासारखं दिसतंय. राहू दे."

मनात म्हटलं, मेल्या, रक्त बघायचं होतं तर गणपतीत यायचं होतंस. तेव्हा त्याच करवतीत माझ्या जोडीदाराची तीन बोटं गेली. त्याला गाडीत घातल्याबरोबर फोरमनने माझ्या हातात बादली दिली. "यल्ला, आटप, कोणी यायच्या आत पूस."

ते रक्त लगेच निघालं.