वस्तादांचं नाक

गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेले वस्ताद गाडीचा आजार नाकाने ओळखायचे. बॉनेट उघडून एकदा वाकले, की ऑइल जळतंय की वायर, हे पाना हातात घेण्याआधीच सांगून मोकळे. तीन महिन्यांपूर्वी ताप आला आणि जाताना वासाची जाण घेऊन गेला. बायकोलासुद्धा त्यांनी हे सांगितलं नव्हतं. वास न येणाऱ्या मेकॅनिककडे पेट्रोलची गाडी कोण आणणार?

आज गणिताच्या बाई तिसऱ्यांदा आल्या होत्या. शाळेत वस्तादांना त्यांनीच शिकवलेलं. भावाच्या माघारी त्याची जुनी, बसकी, दोन सिटांची स्पोर्ट्स कार त्याच चालवत. गार असताना गाडी एका सेल्फमध्ये उठायची. तापवून बंद केली, की दहा मिनिटांनी ढिम्म.

"आज जमलं नाही तर दुसरीकडे नेते," बाई म्हणाल्या. "राग मानू नकोस."

तापलेल्या पाइपात पेट्रोलची वाफ अडकते, असं धरून वस्तादांनी आधी पाइपाला आवरण घातलं होतं, मग पंप बदलला होता. आताही पंपावर ओलं फडकं ठेवून त्यांनी किल्ली फिरवली. सेल्फ घरघरला आणि दमत गेला. बॅटरीत फार तर एक दम उरला होता.

पेट्रोल पोचत नाही, की उकळून इंजिनात जास्त उतरतंय? एकाचा उपाय दुसऱ्याला मारक. प्लग पेट्रोलने ओला आहे का ते काढून पाहावं, तर गरम इंजिनातून तो निघेपर्यंत कोरडा होऊन जायचा. मागच्या खेपेला तेच झालं होतं. ते कार्बोरेटरवर वाकले. काहीच नाही. पाण्याच्या बादलीवर वाकल्यासारखं.

"बाई, जरा बघता? पेट्रोलचा वास येतोय का?"

"का? तुझ्या नाकाला काय झालं?"

समोरचा टायरवाला पंक्चर काढता काढता थांबला.

"गेलंय. तीन महिने झाले."

बाई वाकल्या आणि तशाच मागे सरल्या. "अरे, भपकारा येतोय. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं तुला. तू म्हणालास, जुन्या गाडीला वास असायचाच."

म्हणाले होते खरे. बाईंचा भित्रेपणा समजून हसलेही होते.

त्यांनी बाईंना लांब उभं केलं. बॉनेट उघडं ठेवून वाट पाहिली, कुठे थेंब पडलेला नाही ना, ते बोटाने चाचपलं. मग जास्तीचं पेट्रोल हवेने निघून जावं म्हणून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला, अजिबात न हलवता, आणि किल्ली फिरवली. सेल्फ कण्हला, अडखळला. काळ्या धुराचा लोट टाकून इंजिन उठलं.

"कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारी जाड चकती बसवतो. मग पेट्रोल उकळणार नाही."

"ते होईल रे," बाई हलकेच म्हणाल्या. "या तीन महिन्यांत तुझ्या हाताखालून किती गाड्या गेल्या?"

वस्तादांनी मनात मोजल्या. "अकरा."

"त्यातली एखादी गळत असली तर?"

"माझी स्कूटर धरलीस का त्यात?" टायरवाल्याने विचारलं.

"बारा," वस्ताद म्हणाले.

त्यांनी हात पुसून फोन काढला. पहिला त्या अकरांतल्या एका टॅक्सीवाल्याला.

"गाडी बाजूला घे, बंद कर. नाही, तुझं काही चुकलं नाही, माझं चुकलंय. आधी सांग, आत पेट्रोलचा वास येतोय का?"

पलीकडे तो मागे बसलेल्या कुणाला तरी तेच विचारत होता. वस्ताद फोन कानाला घट्ट धरून उभे राहिले.