रहिमाच्या कढीपत्त्याची बारी

तिकडे आखातात, जबल अख्दरच्या डोंगरावरचं ते गाव एवढंसं, की तिथली बलदिया, म्हणजे आपली नगरपालिका, एका खोलीत मावते. मुआजसाहेब जेवायला घरी गेले की तिला कुलूप. गावात किराणा दुकान एकच, अमीनचं. त्याची बायको रहिमा दापोलीकडची. कढीपत्त्याशिवाय तिच्या हातून कालवण होत नाही. मासळीच्या पिकपमधून तिने खाली किनाऱ्यावरच्या बरक्याहून रोप आणवलं. थंडीत त्याला अमीनचा स्वेटर चढवला.

"मला कधी एवढं जपलं नाहीस," अमीन कुरकुरला.

"तू सुकतोस कुठे?"

उन्हाळ्यात रोप माना टाकू लागलं. टँकरचं पाणी घरातच पुरेना. रहिमाने दारापुढच्या पाटातलं बादलीभर पाणी रोपाला ओतलं, तोच शेजारची शम्सा खाला ओरडली, "चोर! आत्ता पाण्याची बारी माझ्या डाळिंबांची आहे!"

रहिमाला लागलंच ते. "मग पाटावर सगळ्या धुणी धुतात ती?"

"पी, धू, खुशाल. पण मुळाला घातलंस की ते पाणी मालकाचं. आमच्या पणज्यांनी वाटून ठेवलंय." अंगणापलीकडे रोवलेल्या काठीची सावली बाऱ्या मोजत होती.

रहिमा तडक बलदियात गेली. मुआजसाहेब हसले. "बलदिया कालची, बाई. रस्ता माझा, दिवे माझे, पाट गावाचा. माझ्याच लिंबांना मिळत नाही, तुला कुठून देऊ?"

दुसऱ्या दिवशी रहिमा पाटाच्या काठावर बसली. तांदूळ धुतले, धुवण रोपाला. मासळी धुतली, तेही रोपाला. मग घासलेलीच भांडी पुन्हा विसळायला घेतली.

शम्सा कमरेवर हात ठेवून उभी. "हे काय?"

"धुवण, खाला. त्याला मालक कोण?"

शम्सा थेट काठीपाशी बसलेल्या म्हाताऱ्यांकडे गेली. कहव्याचे पेले भरले, रिकामे झाले, पुन्हा भरले. धुवणाबद्दल कुणाचाच पणजा काही बोलून गेला नव्हता. शेवटी सगळ्यात थोरला म्हणाला, "खलास. जिने धुतलं, तिचं."

रोप अमीनच्या खांद्याला लागलं. गावात मासळी शिजली की बायका पानं मागायला येऊ लागल्या. एका दुपारी शम्साही आली.

"रहिमा, चार पानं दे गं."

रहिमाने अंगणात टेकवलेल्या झाडूची सावली गंभीरपणे पाहिली. "आत्ता मुआजच्या घरची बारी चाललीय, खाला. तुझी अस्रच्या नमाजानंतर."

शम्साने झाडूची सावली निरखली. मग पायरीवर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "बरोबर आहे. कहवा तरी टाक तोवर."