घरी सांगू नका, मॅम

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत परिपत्रक आलं: मुलांचं मन सांभाळणं हाही शिकवण्याचाच भाग आहे, तेव्हा प्रत्येक शिक्षकाने दहा मुलं वाटून घ्यायची आणि दर बुधवारी त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोलायचं. अभ्यासाचं नाही, नुसतं बोलायचं. मला हसू आलं, मग रागही आला. हैदराबादेतल्या नारायणगुड्याच्या या शाळेत मी बावीस वर्षं गणित शिकवते. आमच्या घरात आजोबांपासून मास्तरकी. मुलांशी कसं बोलायचं हे आता मला कागद शिकवणार? स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हटलं, "आणि पोर्शन कोण संपवणार, परिपत्रक?"

माझ्या वाट्याच्या दहांत नववीतली एक मुलगी होती. ती लहान असतानाच पुण्याहून इथे आलेलं कुटुंब, विद्यानगरला फ्लॅट, वडील आयटीत, आई बँकेत. मुलगी फाउंडेशन सेक्शनला. म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेची तयारी आठवीपासूनच सुरू. दर शनिवारी टेस्ट, सोमवारी फळ्यावर रँक. पहिले काही बुधवार ती "फाइन, मॅम" एवढंच म्हणाली, आणि मीही सुटले म्हणून पुढच्या मुलाकडे वळले.

मग एका बुधवारी, बाकीची मुलं भोवती बसलेली असताना, ती एकदम मराठीत म्हणाली, "मॅम, मला शनिवारी सकाळी उलटी होते."

त्या दहांत मराठी समजणारं दुसरं कुणी नव्हतं. तिच्यासाठी मराठीत बोलणं म्हणजे दार लोटून घेणं होतं. तिची मराठी मोडकीतोडकीच; वाचायला दिली तर अडखळते. पण त्या दिवशी भडाभडा बोलली. पेपर हातात आला की सगळं ब्लँक होतं. सोमवारी फळ्याकडे बघवत नाही. नॉर्मल सेक्शनला जायचंय. आणि शेवटी, "घरी सांगू नका, मॅम. मी सांगेन. मला थोडा टाइम द्या."

"नाही सांगणार," मी म्हटलं. विचारही न करता.

त्यानंतर शनिवारी टेस्टच्या आधी ती माझ्यापाशी यायला लागली. लायब्ररीबाहेरच्या बाकावर आम्ही दहा मिनिटं बसायचो. ती घोटघोट पाणी प्यायची आणि मी तिला माझ्या दहावीच्या फजित्या सांगायची. एका शनिवारी टेस्टनंतर धावत येऊन म्हणाली, "आज नाही झाली!" मला गणितात शंभर पडल्याइतका आनंद झाला. खरं सांगायचं तर थोडा गर्वही झाला, की पोरीने एवढ्या शाळेत मला निवडलं.

त्या गर्वानेच घात केला.

संक्रांतीनंतर विद्यानगरला एका ओळखीच्या घरी हळदीकुंकू होतं. तिची आई तिथे भेटली. चारचौघींत सांगत होती, "आमचीची काही कटकटच नाही हो. एकदम सॉर्टेड आहे." मी वाण हातात घेऊन ऐकत होते आणि माझी जीभ वळवळत होती. पोरीची काळजी होती, नाही असं नाही. पण या बाईला माहीत नाही ते मला माहीत आहे, हेही होतं. निघताना चपला घालता घालता मी म्हटलं, "अगं, जरा लक्ष दे तिच्याकडे. शनिवारी उलट्या करते. सेक्शन बदलायचाय तिला."

मागे दोघीतिघी उभ्या होत्या. आईचा चेहरा उतरला. "हे तिने तुम्हाला सांगितलं?" म्हणाली. "मला नाही?"

तीच आई तेलुगू असती, तर मी आधी मुलीशी बोलले असते, मग समुपदेशक बाईंना विचारलं असतं, आईला रीतसर शाळेत बोलावलं असतं. आपलंच माणूस म्हणून दारातच बोलून मोकळी झाले. आईला कळायला हवं होतं, हे मी आजही म्हणेन. पण असं नव्हे, आणि मुलीच्या पाठीमागे तर नव्हेच. मला अजून त्याची लाज वाटते.

दोन दिवसांनी आईचा फोन आला. "मॅडम, आम्ही समजावलंय तिला. आता ठीक आहे ती. घरातलं बाहेर बोलायची सवय बरी नाही, एवढंच." सेक्शनचं नावही काढलं नाही.

बुधवारी मी विचारलं, "कशी आहेस गं?"

"आय ॲम फाइन, मॅम."

"आई रागावली का?"

"नो, मॅम."

शनिवारी बाकावर ती आली नाही. आयाने येऊन सांगितलं, पोरगी बाथरूममध्ये आहे, नळ सोडून ठेवलाय. मी दाराबाहेर जाऊन म्हटलं, "मी आहे गं इथे." आतून नळ आणखी मोठा झाला. नंतर मी तिची माफी मागितली. सरळ, तोंडावर. तिने ऐकून घेतलं, "इट्स ओके, मॅम" म्हणाली आणि पंधरा दिवसांत ऑफिसला अर्ज करून दुसरे शिक्षक मागून घेतले. ती पीटीच्या सरांकडे गेली. सर तेलुगू, मुलांशी आमच्या हैदराबादी हिंदीत बोलणारे. मराठीचा एक शब्द त्यांना येत नाही.

महिन्याभराने सर माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, वो बच्ची बहुत परेशान है. सेक्शन बदलना बोलती. मम्मी से कोई बात करे तो अच्छा. आप लोगां मराठी हैं ना, आप बोलो ना."

माझ्या ओठांवर हो आलंच होतं. गिळलं. म्हटलं, "पहले बच्ची को पूछो, सर."

सर लगेच मैदानावर गेले. मी खिडकीतून बघत होते. मुलगी व्हॉलीबॉल काखेत धरून उभी होती. सर वाकून काहीतरी बोलले. तिने स्टाफरूमकडे एकदा पाहिलं, मग बराच वेळ बोलत राहिली. इतकं बोलताना तिला मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

सर परत आले.

"क्या बोली, सर?"

"मम्मी से बात करो बोली, मॅडम." त्यांनी माझ्याकडे न बघता टेबलावरचा डस्टर उचलला, परत ठेवला. "किसी से भी कराओ बोली. बस आपको छोड़ के."