मामाजींची ढिली पँट

भिलाईत शक्की माणसं पुष्कळ आहेत, पण माझ्या मामेसासऱ्यांपुढे ती सगळी भोळे सांब. खुर्सीपारच्या त्यांच्या घरी दूधवाला आला की मामाजी दुधाचा थेंब नखावर घेऊन, डोळे बारीक करून त्याची चाल पाहतात. दूध चांगलं निघालं तर शक आणखी वाढतो. "आज कावून चांगलं देऊन राहिला बे? काही तरी गडबड आहे!" एकदा त्यांच्या वाढदिवसाला मी शर्ट दिला. आनंदानं घेतला आणि संध्याकाळी माझ्या बायकोला फोन केला, "जवाईबापूचं माझ्याकडं काही काम अटकलं हाय काय?"

हा स्वभाव त्यांना भिलाईच्या स्टील प्लांटनं दिला. आयुष्यभर त्यांनी भट्टीच्या आत विटांचं अस्तर लावलं. अस्तर तापतं, तडकतं, मसाला भरून त्याची डागडुजी होते आणि ते पुन्हा तापतं. डागडुजी केलेल्या जागेवर मामाजींनी कधी भरवसा ठेवला नाही. "थिगळ लावलेली जागाच पयले दगा देते," असं ते नव्या मिस्त्र्यांना दरडावून सांगत.

पोटाची गोष्ट मात्र वेगळी. अधूनमधून बेंबीच्या वर कळ उठे, आरपार पाठीत जाई, मामाजी दुमडून बसत. आरोपी दर वेळी नवा: लग्नातली भाजी, मामींनी बदललेलं तेल, एकदा तर मी नेलेली जिलेबी. दारू आणि बिडी मात्र कायम निर्दोष! सलाईन लागे, कळ थांबे, आणि "झालं, विझली" म्हणत मामाजी घरी परतत.

मग एके सकाळी ते धोब्याशी भांडताना सापडले. "ही पँट माझी नाही! कोण्या जाड्याची हाय! माझी बदलून टाकली यानं!"

"कका, तोरेच आय!" धोबी कळवळून छत्तीसगढीत म्हणाला, आणि त्यानं पँटच्या आतली आपली जुनी खूण दाखवली. पँट मामाजींचीच होती. तिच्यातले मामाजी तेवढे कमी झाले होते.

मामी आणि मी त्यांना शेजारच्या दुर्गला घेऊन गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांना रक्तातली साखरही नव्यानंच वाढलेली दिसली. मामाजींनी यंत्रावर शक घेतला. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं: स्वादुपिंडाला कित्येक वर्षं सूज आहे. कळ थांबली तरी सूज आत धुमसत राहते. पेशी मरतात, शरीर घाईघाईनं नव्या घडवतं, मधली जागा कडक व्रणानं भरून काढतं. पुन्हा पुन्हा घडवताना चुका होतात, त्या साचतात, आणि एखादी बिघडलेली पेशी वाढायचं थांबेनाशी झाली की कॅन्सर. अशी सूज असलेल्या बहुतेकांना तो होत नाही. पण वजन आणि साखर पाहता स्कॅन करायलाच हवा.

"कमिशन," मामाजी माझ्या कानात कुजबुजले. बाहेरच्या रांगेनंही वळून पाहिलं.

मामींचा बांध फुटला. "साऱ्या दुनियेवर शक घेता ना? मंग एक डाव आपल्या पोटावर घ्या! भट्टीतल्या थिगळावर भरोसा नव्हता, अन् पोटातल्या थिगळावर कसा ठेवून राहिले?"

मामाजी उठले आणि स्कॅनच्या खोलीकडे चालू लागले.

स्कॅनमध्ये स्वादुपिंडावर डाग निघाला. लहान होता. काढता येईल असं वाटतं, पण शब्द देता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मामाजींनी एवढंच विचारलं, "भरती कधी व्हायचं?" ना उलटतपासणी, ना टोमणा. मला त्या शांतपणाचीच धास्ती वाटली. बाहेर येताच मी म्हणालो, "मामाजी, रायपूरच्या एखाद्या डॉक्टरला पण दाखवू या का?"

"कावून?" ते म्हणाले. "सांगायच्या आधी त्यानं तुमच्या मामीजीकडं पायलं, मंग मान खाली घातली. खोटं बोलणारा माणूस असा नाही करत, बापू."

आणि पायऱ्या उतरताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी माझा हात धरला.