वाल बसू द्या

मिस्त्री कुणालाही आल्या आल्या काम विचारत नसत. आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचे. माणूस पाणी प्यायला, त्याचा श्वास शांत झाला, की म्हणायचे, "बसला दम? आता सांगा."

ते मूळचे इंझोरीचे लोहार. शिरपूरला रस्त्याकडेच्या टिनाखाली मोटारी दुरुस्त करत. मी तिथल्या शाळेत मास्तर. मोटारीतलं मला काही कळत नसे. तरी शाळा सुटली की पाय तिकडे वळत.

गावच्या जमीनदारांकडे लांब नाकाची, आठ सिलिंडरांची परदेशी मोटार होती. तिचा ड्रायव्हर ती वाऱ्यासारखी पळवी. लढाईचे दिवस होते. माझी बायको अडली, सुईणीने हात टेकले, तेव्हा जमीनदारांनी तीच मोटार अकोल्याच्या इस्पितळासाठी दिली. मी न सांगताच मिस्त्री ड्रायव्हरशेजारी येऊन बसले.

मालेगाव मागे पडल्यावर ड्रायव्हरने वेग वाढवला आणि इंजिन फडफडू लागलं, फटाके फुटावेत तसं. जोर गेला. वेग उतरला की पुन्हा ठीक. पेट्रोलमध्ये रॉकेल आहे म्हणत त्याने दोनदा उतरून पेट्रोलची नळी साफ केली. तिसऱ्यांदा उतरू लागला तेव्हा मिस्त्रींनी त्याचा दंड धरला.

"पेट्रोलले शिव्या कायले देतं? वाल बसून नाई राह्यला."

वाल म्हणजे इंजिनातलं झाकण, एवढं मला त्यांच्याकडे बसून माहीत झालं होतं. ते क्षणोक्षणी उघडतं आणि कमान, म्हणजे स्प्रिंग, त्याला परत जागेवर बसवते. पळवून पळवून कमानी थकल्या होत्या. वेग वाढला की वाल पुरता बसायच्या आतच पुन्हा उघडत होता.

ड्रायव्हर सावकाश चालवू लागला. एक मालट्रक आम्हाला मागे टाकून गेला. मागच्या सीटवर बायको कण्हत होती. जन्मात कुणावर आवाज न चढवलेला मी ओरडलो, "अहो, पळवा ना गाडी!"

मिस्त्री मागे वळले. "मास्तर, पयवली तं पोचत नाई. त्याले बसू द्या."

पातूरच्या घाटातही त्यांनी इंजिनाचा तो संथ सूर सुटू दिला नाही. ड्रायव्हरच्या गुडघ्यावर त्यांचा हात होता. सूर चढला की हात दाबायचा. आम्ही पोचलो. मुलगी झाली. थोडा उशीर झाला असता तर दोघीही राहिल्या नसत्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रींनी मोटारीच्या सोळाही कमानी पाटावर उभ्या करून वर पट्टी आडवी ठेवली. पट्टी डुगडुगली. "पाहा, कोन कोन बसकन मारली." लढाईमुळे नव्या कमानी मिळत नव्हत्या. बुटक्या कमानींखाली त्यांनी पोलादी चकत्या घातल्या. वर ड्रायव्हरला ऐकवलं, "कमान हाय बाबा, तुह्या मालकाची मिशी नोहे, सदा ताठ राहाले."

आभार मानायला मी कितीदा तरी गेलो. पाणी पिऊन दम बसला, की ते एखादा सुटा भाग हातात देऊन बोलू लागत. माझं राहून जाई.

गेल्या महिन्यात मिस्त्री गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्गात होतो. मुलीचा हात धरून धावतच निघालो. पोचलो तोवर त्यांना नेलं होतं. मिस्त्रींच्या पत्नी, काकू, दारात बसल्या होत्या. मला धाप लागली होती. त्यांनी तांब्या पुढे केला, बाजूला सरकून जागा दिली. मी पाणी प्यायलो, तेव्हा म्हणाल्या,

"बसला दम? आता सांगा, मास्तर."

मी मुलीला पुढे केलं, आणि सांगितलं.