मेहुण्याचं कागदावरचं मशीन

जे यंत्र कधी डोळ्यांनीसुद्धा पाहिलं नाही ते मुळापासून शिकून बसलेला माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला, आणि तो माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मी चौथीत शाळा सोडलेला, धुळ्याच्या देवपुरात पिठाची गिरणी चालवणारा माणूस. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही आणि ते कबूल करायची लाजही नाही. पण माणूस मला कळतो. निदान तेव्हा तरी मला तसं वाटायचं.

मेहुणा पंधरा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर कॉम्प्युटरची कामं करत होता. जळगावात केळीवाल्यांच्या गाड्यांच्या नोंदी, धुळ्यात जिनिंगमधल्या कापसाच्या गासड्या, कुठे दूध संघ, कुठे पतपेढी. काम घ्यायचं, प्रोग्राम लिहून चालू करून द्यायचा आणि निघायचं. सहा महिन्यांवर कुठे टिकला नाही, कारण सहा महिन्यांत त्या लहान मशीनमध्ये शिकण्यासारखं काही उरायचं नाही, असं तो म्हणायचा. चाळिशी उलटली आणि त्याला मेनफ्रेमचं वेड लागलं. मेनफ्रेम म्हणजे बँका, विमा कंपन्या यांचं खोलीभर मोठं मशीन. दोन हजार साल जवळ आलं होतं आणि त्या मशीनला म्हणे सालाचे शेवटचे दोनच आकडे कळायचे, म्हणून जुनी भाषा येणारी माणसं जिकडेतिकडे हवी होती. पण प्रत्येक जाहिरातीत एक अट असायची, मेनफ्रेमवर कामाचा अनुभव पाहिजे. अनुभवासाठी मशीन पाहिजे आणि मशीनजवळ जायला अनुभव पाहिजे. पंधरा वर्षांची कामं एका बाजूला आणि ही अट एका बाजूला.

दुसरा कोणी असता तर नाद सोडून दिला असता. यानं एका जाड इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स आणली, चौकटीच्या वह्यांचा गठ्ठा घेतला आणि माझ्या गिरणीमागच्या खोलीत मेनफ्रेम सुरू केलं. त्या भाषेत ओळ कितव्या घरापासून सुरू करायची ते ठरलेलं असतं. त्याच्या हाताला ती सवय इतकी लागली, की जळगावहून बहिणीला पोस्टकार्ड लिहिलं तरी प्रत्येक ओळीत आधी सात घरं सोडायचा. अर्धं कार्ड कोरंच यायचं. प्रत्येक वाक्यामागे टिंब मात्र असं ठासून द्यायचा, की कार्डाच्या पाठीवर उमटायचं.

आणि मशीन नसल्यामुळे तो स्वतःच मशीन व्हायचा. सकाळी प्रोग्राम लिहायचा, दुपारी डोळे मिटून पाटावर बसायचा आणि एकेक ओळ मनात चालवायचा. तेवढा वेळ त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. पिठाचा धुराळा अंगावर बसून तो पार पांढरा होऊन जायचा, तरी हलायचा नाही. गंमत म्हणजे उत्तर कळलं तरी ते त्या दिवशी वहीत लिहायचं नाही. मोठ्या मशीनवर शंभर जणांची कामं रांगेत असतात, आपला नंबर लागून निकाल दुसऱ्या दिवशी मिळतो, म्हणून तोही दुसऱ्या दिवसाची वाट पाहायचा. एकदा माझ्या मुलीसाठी स्थळ पाहायला त्याला शिंदखेड्याला नेलं. मंडळींनी आदरानं विचारलं, मामांना मुलगा कसा वाटला? हा म्हणाला, "आज आत दिलंय, निकाल उद्या सकाळी." स्थळ गेलं. मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. बायको मलाच म्हणायची, "राग करू नका, बठ्ठं डोकामा शे त्यानं." म्हणजे सगळं त्याच्या डोक्यात आहे.

शेवटी पुण्याच्या एका कंपनीला त्याचा अर्ज पसंत पडला. अर्जात त्यानं खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं. मेनफ्रेमच्या कामाचा दोन वर्षं सराव, एवढंच लिहिलं होतं. फोन नंबर माझ्या गिरणीचा दिला होता. मला बजावलं, "दाजी, फोन आला तर नुसतं 'बोलावतो' म्हणा. बाकी काही बोलू नका."

आता मला, त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला, काय बोलायचं ते यानं शिकवायचं? ते मला लागलंच होतं. आठवड्याभरात दुपारी फोन आला. मेहुणा मागच्या खोलीत, पंधरा पावलांवर, डोळे मिटून बसलेला. म्हटलं, त्याला कशाला उठवायचं, मी आहे की. साहेब चांगलं मराठी बोलत होते. त्यांनी विचारलं, ह्यांनी सराव कुठल्या मशीनवर केला? माझी छाती फुगली. मी म्हणालो, "मशीन कशाला पाहिजे साहेब? मशीन त्यानं अजून बघितलंसुद्धा नाही. सगळं कागदावर करतो. तुमच्याकडे आहे का असा एखादा?"

 साहेब बरं, कळवतो म्हणाले आणि फोन ठेवला. मला वाटलं, गार झाले.

मेहुणा पुढे दोन महिने फोनजवळ बसून होता. घंटी वाजली की आधी शर्टावरचं पीठ झटकायचा आणि मग फोन उचलायचा. कोणाचा फोन आला होता का, हे त्यानं मला एकदाच विचारलं. तोवर माझ्या डोक्यात उजेड पडला होता, तरी मी नाही म्हणालो. परीक्षेला नुसतं बोलावलं असतं तर हा पहिला आला असता, हे त्या खोलीबाहेर बसणाऱ्या मला नाही तर कोणाला ठाऊक? पुढं दोन हजार साल आलं आणि गेलं, जुन्या भाषेची मागणीही गेली. तो पुन्हा शीतगृहाच्या नोंदींचं काम घेऊन जळगावला गेला.

बायकोला मी सांगितलं होतं आणि ती मागे लागली होती, "त्याले सांगी टाका." चार महिने मी टाळलं. मग एका सकाळी एसटीनं जळगावला गेलो आणि शीतगृहाच्या दाराशी उभं राहून सगळं सांगितलं, माझे शब्दसुद्धा जसेच्या तसे. त्यानं ऐकून घेतलं.  मग म्हणाला, "तुम्ही खोटं तर काही बोलला नाहीत, दाजी. चला, चहा घेऊ."

मी जन्मात कोणाची माफी मागितलेली नाही. त्या दिवशी मागणार होतो, एसटीत शब्दही जुळवून ठेवले होते. तो एकदा जरी रागावला असता तरी मागून मोकळा झालो असतो. पण तो पुढं होऊन दोन चहा सांगत होता, माझ्यात साखर कमी.